फैसल की समीना

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये आठवडाभर पडून होतं. पोस्ट बॉक्सची किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर होता. माझ्या नावाने हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट आलं की सगळे टेबलाशी येऊन बघून जातात. आता पत्र कोण लिहितं, असं विचारतात. माझ्या बहिणीला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर टाइप करायला ती तयार नाही, एवढं मी सांगतो.

तू विचारलंस की सुट्टीच्या दिवशी मी काय करतो. हसशील. मी बेसबॉलचा स्कोअर लिहितो. अल रय्यानला एक भाड्याचं मैदान आहे, तिथे दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सामने असतात. पाच टीम, सगळे इथले नोकरदार. जपानी आहेत, फिलिपिनो आहेत, आपले आहेत, पाकिस्तानी आहेत. तीन वर्षांपूर्वी मी सहज कुंपणाबाहेर उभा होतो. स्कोअर लिहिणारा चुकत होता. मी आत जाऊन त्याला चूक दाखवली, तेव्हापासून वही माझ्याकडेच आहे. लहानपणी तुझ्या शाळेच्या पोरींची सॉफ्टबॉलची प्रॅक्टिस चालायची आणि मी झाडाखाली बसून वहीत आकडे मांडायचो, ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

यंदा लीगचे सेक्रेटरी मन्सूर यांनी मला बोलावून सांगितलं, "अरुणभाई, आप सब देखते हो. सीझन का बेस्ट मॅनेजर आप तीन लोग तय करोगे." तीन म्हणजे ते स्वतः, अंपायर रिफत आणि मी. तुला ठाऊकच आहे, ह्या खेळात टीमच्या कोचला मॅनेजर म्हणतात. कोण खेळणार, कोण बसणार, चेंडू टाकणारा पिचर कधी बदलायचा, सगळं त्याच्या हातात.

मला आत्ताच दोन नावं दिसतात. एक फैसल. श्रीवर्धनचा, गोदामावर सुपरवायझर. त्याची टीम आतापर्यंत एकही सामना हरलेली नाही. कमी बोलतो, हसत तर नाहीच. दुसरी समीना. रत्नागिरीची, इथल्या एका शाळेत पी.टी. शिकवते, तुझ्यासारखीच. बाकीच्यांनी न घेतलेले लोक तिच्या टीममध्ये आहेत: दोन सेक्युरिटी गार्ड, एक नर्स, एक ट्युनिशियाचा आचारी. कोणाची शिफ्ट कधी बदलेल सांगता येत नाही. एकदा नऊऐवजी आठच जण आले तर आठांनिशी खेळली. गेल्या वर्षी ह्या टीमने बारापैकी एकही सामना जिंकला नव्हता. यंदा सहा सामन्यांत दोन जिंकलेत.

मला वाटतं समीना. पण तुझं मत हवं. सहा सामन्यांच्या स्कोअरशीटच्या झेरॉक्स सोबत आहेत. तुझ्याएवढं स्कोअरशीट वाचणारं मला दुसरं कोणी माहीत नाही.

तब्येतीची काळजी घे.
तुझा,
अरुण

*

अमरावती
२४ डिसेंबर २०२४

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या झेरॉक्स मी चार दिवस जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवल्या होत्या. जेवायला मी एकटीच, त्यामुळे कोणाची अडचण झाली नाही.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, आकडे सरळ आणि माणसांची नावं वाकडी.

फैसल. माझं मत फैसल. काहून ते सांगते. तू म्हणतोस तो जिंकतो. जिंकतात तर पुष्कळ. मी वेगळं बघितलं. चौथ्या सामन्यात त्याने पहिल्याच इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपच्या जागेवरचा खेळाडू बदलला. का बदलला ते शीटवर नाही, पण त्या माणसाने आधी दोन सोपे चेंडू सोडले होते, आणि पुढच्या सामन्यात तोच माणूस पुन्हा खेळलाय, पूर्ण सात इनिंग. म्हणजे त्याला शिक्षा केली नव्हती. त्या दिवशी त्याचं काहीतरी दुखत होतं किंवा घरचं काही असेल. फैसलने ते ओळखलं आणि त्याला बसवलं. शीटवरून एवढं कळतं. माझ्या तीस वर्षांत असं ओळखणारे कोच मी दोन पाहिले.

समीनाचं मन चांगलं आहे असं दिसतं. सगळ्यांना खेळवते. मन चांगलं असणं आणि मॅनेजर चांगला असणं ह्या दोन गोष्टी आहेत रे बाप्पा. आणि तू तिच्याबद्दल दहा ओळी लिहिल्यास, फैसलबद्दल तीन. ती मराठी बोलते म्हणून, की अजून काही? गौरीला जाऊन चार वर्षं होतील. तुला कोणी सोबत मिळाली तर मला वाईट वाटणार नाही, हे एकदा लिहून ठेवते.

माझं विचारशील तर, शाळेच्या मैदानावर आता जात नाही. पोरी काही विचारतात, मला ऐकू येत नाही, त्या पुन्हा विचारतात, मग त्यांनाच ओशाळं वाटतं. दुरून बघते कधीतरी. डाव्या कानात आधी थोडं होतं, तेही गेलं.

पुढच्या शीट पाठवजो.
तुझी,
ताई

*

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

समीनाला नवरा आहे, दोन मुली आहेत, आणि ती मला अरुणभाई म्हणते. तुझा गैरसमज दूर झाला असेल. ती मला शुक्रवारी डब्यातून सांदण आणून देते आणि मी स्कोअर लिहिताना ते खातो, एवढंच. पण खरं सांगू, आठवड्यात माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकच. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, फ्लॅटमध्ये दोन केरळचे जोडीदार, तेही आपापल्या खोलीत. भैरवी म्हणून अमरावतीची एक मुलगी आमच्या अकाउंट्समध्ये आहे, तिच्याशी कधीतरी लिफ्टमध्ये बोलणं होतं. बाकी शुक्रवार संपला की पुढच्या शुक्रवारपर्यंत मी आपल्या भाषेत तोंड उघडत नाही. तुला पत्र लिहितो तेव्हाच.

आता मुद्द्यावर. तू शीट वाचतेस, मी माणसं बघतो. गेल्या शुक्रवारी समीनाच्या टीमने फिलिपिनोंना हरवलं. त्यांना ह्या लीगमध्ये तिने कधीच हरवलं नव्हतं. तिचा पिचर मजीद, राजापूरचा, लोडर चालवतो. सकाळी ड्युटी करून सरळ मैदानावर आला. दुसरा पिचर शिफ्टमध्ये अडकलेला. दर इनिंगनंतर समीना त्याच्याजवळ जायची आणि विचारायची, "मजीद, जमेल?" तो म्हणायचा, "जमेल." ती त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि परत यायची. सातही इनिंग त्यानेच टाकल्या. शेवटचा खेळाडू बाद झाल्यावर तो तिथेच मातीत बसला, आणि ते गार्ड, तो आचारी, सगळे त्याच्याभोवती येऊन बसले. कोणाला उठायचं नव्हतं. मन्सूर ग्राउंड बंद करायला आले तरी बसून होते.

फैसलने असं कोणाला कधी विचारलेलं मी पाहिलं नाही. तो हातानेच खूण करतो, बाहेर ये, आत जा. खलास.

ह्या सामन्याची शीट मुद्दाम पाठवतोय. ही वाचून तरी तुझं मत बदलेल.

मी ठीक आहे. नवं वर्ष आलं, गेलं.
तुझा,
अरुण

*

अमरावती
२७ जानेवारी २०२५

चि. अरुणास,
आशीर्वाद.

तुझी शीट वाचली. मत बदललं नाही, पक्कं झालं.

तू प्रत्येक चेंडूला ठिपका देतोस, ही मी लावलेली सवय. मी ते ठिपके मोजले. मजीदने एकशे एकतीस चेंडू टाकले. शेवटच्या दोन इनिंगमध्ये निम्मे चेंडू बाहेर गेलेत. म्हणजे हात वर जात नव्हता. सकाळची ड्युटी करून आलेला माणूस. त्याचा खांदा शाबूत असेल तर नशीब समज.

ती विचारायची म्हणतोस. विचारलं आणि तो हो म्हणाला, झालं? खेळाडू कधी नाही म्हणतो का? दुखत असलं तरी जमेल म्हणतो, कारण त्याला तुमचं तोंड उतरलेलं बघायचं नसतं. हे न कळण्याएवढी ती लहान नाही. जमेल का म्हणून विचारायचं, त्याने हो म्हटलं की मान हलवायची आणि मागे फिरायचं. वर पाठीवर हात ठेवायचा. म्हणजे उद्या काही झालं तर म्हणायला मोकळी, की मी विचारलं होतं.

अशा बाईला मी माझ्या हाताने बक्षीस देणार नाही.

जेवत जाय वेळेवर.
ताई

*

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र भैरवीच्या हाती देतोय. तिच्या घरी लग्न आहे, उद्याच्या नागपूरच्या विमानाने निघतेय. मंगळवारी ती परत येईल, त्याआधी तुझं उत्तर तिच्याजवळ दे. बुधवारी संध्याकाळी आम्हा तिघांची बैठक आहे आणि गुरुवारी बक्षीस समारंभ. नंतर रमजान लागतो, मैदान बंद.

आधी कबूल करतो. मजीदच्या बाबतीत तू बरोबर होतीस. त्याचा खांदा गेला. हात गळ्यात बांधून फिरतो, लोडरवर बसता येत नाही, सध्या त्याला स्टोअरमध्ये हलकं काम दिलंय. समीना गेले तीन आठवडे त्याला स्वतःच्या गाडीतून फिजिओथेरपीला नेते. तुझं आधीचं पत्र वाचून मी रागावलो होतो, इतकं कडू तू कधी कोणाबद्दल लिहीत नाहीस. पण चेंडू तू बरोबर मोजले होतेस.

आता आजचं ऐक. आज फायनल झाली, फैसलची टीम आणि जपानी. फैसलचा पिचर सागर, सोलापूरचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, आयटीत आहे. पाच इनिंग टाकल्या त्याने आणि समोरच्या एकालाही हिट मिळू दिली नाही. ह्या लीगमध्ये पूर्ण सामना असा कोणी टाकलेला नाही. आणखी दोन इनिंग, आणि त्याचं नाव राहिलं असतं. बाजूच्या बाकांवरचे लोक कुजबुजणंही थांबवून बसले होते. सहावी सुरू होताना फैसलने खूण केली, बाहेर ये.

सागरला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "भाई, का?" फैसलने चेंडू मागितला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. एक शब्द नाही. सागर ग्लोव्ह टाकून पार्किंगमध्ये निघून गेला. नव्या पिचरने तीन रन दिले, जेमतेम चार-तीनने जिंकले. कपाच्या फोटोत सागर नाही.

शीट सोबत आहे. तू म्हणशील, चौथ्या-पाचव्या इनिंगमध्ये त्याने तिघांना फुकट बेसवर जाऊ दिलं, चेंडू वर जात होते, हात थकला होता. असेल. फैसलने बरोबर ओळखलं असेल. पण ताई, सांगायला नको? सागर काही लहान मूल नाही. हात त्याचा, सामना त्याचा. त्याला एक वाक्य सांगायला काय झालं होतं? दुसऱ्याच्या आयुष्यातली गोष्ट त्याच्यापासून लपवून परस्पर ठरवून टाकायची, आणि वर ती त्याच्या भल्यासाठी म्हणायची, हा हक्क कोणालाच नाही. इतका राग मला का आला, मलाही कळलं नाही.

माझं मत समीना. तुझं शेवटचं काय ते लिही.
तुझा,
अरुण

*

अमरावती
२४ फेब्रुवारी २०२५

चि. अरुणास,

भैरवी बाहेरच्या खोलीत बसली आहे. गोड मुलगी आहे. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर तिने वही मागितली आणि सगळं लिहून विचारते. तिला म्हटलं, चहा घे, मला थोडा वेळ लागेल.

तुझं पत्र काल आलं. सागरबद्दल तू जे लिहिलंस ते मी रात्रभर वाचत होते असं नाही, एकदाच वाचलं. पुरे होतं.

गौरीच्या बाबतीत मी तुला खोटं सांगितलं आहे. तुला माहीत आहे ते असं, की त्या कोरोनाच्या वर्षी १८ एप्रिलला, रविवारी, आम्हा दोघींना दवाखान्यात ठेवलं आणि २० तारखेला ती गेली. दोनच दिवस, तुला निघायलाही वेळ मिळाला नाही. तसं नव्हतं. आम्ही १३ तारखेला, पाडव्याच्या दुपारी दाखल झालो. पाच दिवस मी तुला कळवलं नाही.

त्या दिवसांत तू तिला फोन करायचास. ती सांगायची घसा बसलाय, मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय. ती तेव्हा माझ्या शेजारच्या खाटेवर होती. विमानं थोडी होती पण होती. तुला तिकीट मिळालं असतं. दोन दिवस आधी जरी सांगितलं असतं तरी तू काचेतून का होईना तिला बघितलं असतंस.

दाखल झालो त्या संध्याकाळी मी तिला विचारलं होतं, अरुणला कळवू का? ती म्हणाली, नको ताई, ते सगळं सोडून निघतील, परत जायचा परवाना मिळणार नाही, चार दिवसांत मी घरी येते. मी रोज विचारलं. ती रोज नको म्हणाली. मी रोज मान हलवली. मी एवढ्या पोरी सांभाळल्या, कोणाचा घोटा मुरगळलाय हे तिच्या चालीवरून ओळखलं, आणि शेजारच्या खाटेवरचं माणूस खोटं बोलतंय हे मला ओळखायचं नव्हतं. कारण ती बरी होणार हे मलाही मानायचं होतं.

समीनाचा मला इतका राग का आला, ते आता तुला कळेल. ती बिचारी कुठली कोण, मी तिला कधी पाहिलंही नाही. मी माझ्याबद्दलच लिहीत होते.

ही गोष्ट मी मरेपर्यंत सांगणार नव्हते. पण तू लिहिलंस, हा हक्क कोणालाच नाही. ते वाचल्यावर तुला बेसबॉलबद्दल उत्तर लिहीत बसणं मला जमलं नाही.

मत कोणाला द्यायचं ते तू ठरव. मी आता काही सांगत नाही.
ताई

*

अमरावती
२५ मार्च २०२५

चि. अरुणास,
आशीर्वाद.

महिना झाला, तुझं पत्र नाही. पोस्टमन माझ्या दाराशी आला की हात हलवून नाही म्हणतो, त्याला कळलंय मी कशाची वाट बघते.

तू लिहिलं नाहीस तरी मी समजू शकते. फक्त बरा आहेस एवढं कळव. कार्डावर दोन शब्द लिही. भैरवीला सांग, ती तिच्या आईला कळवेल.
ताई

*

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

ताई,

बरा आहे.

तुझं फेब्रुवारीचं पत्र भैरवीने बुधवारी सकाळी टेबलावर ठेवलं. मी ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत उघडलं. नंतर काय केलं ते आठवत नाही. ऑफिसचं एखादं ड्रॉइंग उघडून बसलो होतो बहुतेक.

बैठक मदिनत खलीफामधल्या एका कॅफेटेरियात होती. जाऊ नये असं वाटलं, पण गेलो नसतो तर खोलीतच बसावं लागलं असतं. मन्सूर म्हणाले, फैसल. रिफत म्हणाला, समीना. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. महिनाभर मी सगळ्यांना समीनाचं नाव सांगत फिरत होतो, त्यामुळे त्यांना वाटलं ठरलेलंच आहे. मी म्हणालो, फैसल.

रिफतने विचारलं, "अरुणभाई, पक्का?" मी हो म्हणालो. त्यांना वाटलं मी फायनलचा विचार केला. मी फायनलचा विचार केला नव्हता. तू लिहिलं होतंस की समीना म्हणजे तूच. तुला मत द्यायचं नव्हतं मला. एका खेळातल्या बाईचं बक्षीस मी माझ्या रागासाठी काढून घेतलं. हे मी तुला मुद्दाम लिहितोय, कारण तू खरं लिहिलंस तर मीही लिहायला हवं.

गुरुवारी समारंभ झाला. फैसलने ट्रॉफी घेतली, माईकवर एवढंच म्हणाला, "सागर को मुझे बताना चाहिए था. मेरी गलती." आणि खाली उतरला. सागर आलाच नव्हता. नंतर ऐकलं की फैसल दोन वेळा त्याच्या घरी जाऊन आला, तेव्हा कुठे त्याने दार उघडलं. समीना सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होती. तिच्याविरुद्ध मत कोणाचं गेलं ते तिला माहीत होतं, अशा गोष्टी लपत नाहीत. जेवणाच्या रांगेत ती माझ्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "अरुणभाई, तुमच्या जागी मी असते तर मी पण मला दिलं नसतं. मजीदला मी थांबवायला हवं होतं."

मी ताट घेऊन, मजीद बसला होता तिथे जाऊन बसलो. तो डाव्या हाताने जेवत होता. मी त्याला सरळ विचारलं, "मजीद, तुला समीनाचा राग नाही येत?"

तो म्हणाला, "तिचा का यावा? खोटं तर मी बोललो. तिसऱ्या इनिंगपासून खांदा दुखत होता. सांगितलं असतं तर तिने तिथेच बसवलं असतं. मला बसायचं नव्हतं, अरुणभाई. सहा वर्षांत इथे माझ्या मनासारखं मी तेवढं एकच केलं."

मग त्याने मला भाताचं भांडं सरकवायला सांगितलं.

त्यानंतर पूर्ण रमजान मी कोणाशी बोललो नाही. मैदान बंद. शुक्रवारी खोलीत पडून असायचो. तुला लिहायला तीन वेळा बसलो. पहिल्यांदा खूप वाईट लिहिलं, ते फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं की मी तुला माफ केलं, ते वाचून पाहिलं तर खोटं वाटलं, तेही फाडलं. पाच दिवस, ताई. त्या पाच दिवसांत मी इथे काय करत होतो ते मी कॅलेंडरवर शोधलं. एका संध्याकाळी मी जोडीदारांबरोबर समुद्रकाठी कॉर्निशवर फिरायला गेलो होतो. फोटो आहेत, मी हसतोय.

ईदच्या दुसऱ्या दिवशी समीना आणि तिचा नवरा डबा घेऊन आले. मी शुक्रवारी कुठे दिसलो नाही म्हणून. तिने विचारलं, बरं आहे ना? आणि मी तिला सगळं सांगितलं. गौरीबद्दल मी कोणाला सांगितलेलं ते पहिल्यांदा. तिचा नवरा उठून गॅलरीत गेला. मग ती म्हणाली, "ताई शेजारच्या खाटेवर होत्या ना? म्हणजे भाभी एकट्या नव्हत्या."

तू त्याच दवाखान्यात होतीस हे माहीत असूनही मी चार वर्षं एवढाच विचार केला होता की ती एकटी गेली.

राग गेलाय असं म्हणत नाही. जाईल की नाही माहीत नाही. पण मजीदचं बोलणं डोक्यातून जात नाही. गौरीला कोणी काही करायला लावलं नव्हतं, तिने स्वतः ठरवलं होतं, आणि ते तिने का ठरवलं हे मला तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. तू तिथे होतीस. ते आठही दिवस मला लिहून पाठव. ती काय खायची, काय बोलायची, सगळं. मला बरं वाटेल असं काही घालू नकोस.

जूनमध्ये रजा मंजूर झाली आहे. मी अमरावतीला येतोय, महिनाभर.
अरुण

*

अमरावती
२६ एप्रिल २०२५

चि. अरुणास,
आशीर्वाद.

जूनमध्ये ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. आल्यावर मोठ्याने बोलू नकोस, त्याचा काही उपयोग नाही. समोर बसून हळू बोल, मी ओठ बघते.

तू मागितलंस ते लिहिते.

मंगळवारी पाडवा होता. तिला आदल्या दिवशीपासून ताप. तरी सकाळी उठून तिने गुढी उभारली, मला काठी धरायला लावली, आणि तुला पाठवायचा म्हणून फोटो काढला. पहिल्या फोटोत कडुलिंबाची डहाळी वाकडी दिसत होती म्हणून नीट करून दुसरा काढला. दुपारी रिक्षाने आम्ही दवाखान्यात गेलो.

बुधवार, गुरुवार ती चांगली होती. तुझा फोन आला की ती खाटेवरून उठून बाथरूमच्या दाराशी जायची, यंत्रांचा आवाज तुला येऊ नये म्हणून. भिंत धरून उभी राहायची. गुरुवारी बोलून परत आली तेव्हा धाप लागली होती आणि हसत होती. म्हणाली, त्यांनी विचारलं काय करतेस, मी सांगितलं मेथी निवडतेय.

शुक्रवारी तिने दहीभात मागितला. मिळाला. सगळा खाल्ला. मला म्हणाली, बघा ताई, उगीच त्यांना घाबरवलं असतं. तो दिवस मी विसरू शकत नाही, कारण तेव्हा मी तिच्यापेक्षा जास्त खूश होते.

शनिवारी संध्याकाळी तिचा ऑक्सिजन उतरला. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले सकाळपर्यंत बघू. रविवारी सकाळी मी तिला न विचारता तुला फोन केला. तिने माझ्या हातातला मोबाईल पाहिला आणि डोळे मिटले. रागावली होती की तिला बरं वाटलं, मला सांगता येणार नाही. खरं लिहायचं तर मला वाटलं रागावली.

सोमवारी तोंडावर मोठा मास्क होता. बोलता येत नव्हतं. मी तिचे केस विंचरले.

मंगळवारी पहाट झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि मास्क बाजूला करून काहीतरी म्हणाली. एक पूर्ण वाक्य होतं, लांब. माझे कान तेव्हाच वाजायला लागले होते, आणि मला ते ऐकू आलं नाही. तिला पुन्हा बोलायला लावायचं म्हणजे मास्क पुन्हा काढायला लावायचा. म्हणून मी ऐकल्यासारखी मान हलवली. तिने माझा हात दाबला आणि शांत पडून राहिली. अकरा वाजता गेली.

ती काय म्हणाली ते मला माहीत नाही, अरुण. तुझ्यासाठी होतं एवढं माहीत आहे, कारण त्यात पहिला शब्द "ह्यांना" होता, तेवढा मी ओठांवर वाचला.

ताई